खंडेनवमीचं धनुष्य

रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांना बागकाम सुचेल असं मला वाटलं होतं. सुचलं धनुष्य, तेही हंगेरियन! आमचे शेजारी लास्लो ऐंशीचे, तरुणपणी हंगेरीहून इथे अमेरिकेत ॲन आर्बरला आलेले, हौसेने धनुष्यं करणारे. हात थरथरायला लागले म्हणून शेवटचं एक धनुष्य त्यांनी ह्यांच्याकडून करून घ्यायला घेतलं.

मेपलच्या लाकडी पट्टीला एका अंगाने शिंग, दुसऱ्या अंगाने हरणाच्या पायातल्या वाळक्या नसा कुटून काढलेले तंतू, आणि चिकटवायला कातडं उकळून केलेला सरस. शिंग कुणाचं ते मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. संसार असाच टिकतो. "सरस गॅरेजमध्येच शिजवा," एवढं मात्र बजावलं, "नाहीतर मी सनीव्हेलला लेकीकडे निघाले."

तंतू आठ महिने वाळले. वरून बर्चची साल चढवायची तेवढी राहिली होती. ऑक्टोबरअखेर लास्लो कायमचे क्लीव्हलंडला मुलीकडे जाणार होते. त्याआधी धनुष्याला दोरी चढलेली बघायची, एवढंच त्यांना हवं होतं.

मध्येच खंडेनवमी आली. दरवर्षी मी ह्यांचा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि माझी विळी पुजते. यंदा घरात खरंखुरं शस्त्र! हे बाहेर गेलेले बघून मी ते गॅरेजमधून आणलं, पाटावर ठेवलं, पाणी शिंपडलं, ओलं हळदकुंकू लावलं आणि धुतलेल्या झेंडूंनी पार झाकून टाकलं. पूजा दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, असं आल्यावर ह्यांनाही दटावलं.

दसऱ्याला फुलं काढली, तर तंतू सुटून फुगलेले, दुधात पडलेल्या शेवयांसारखे. सरस पाण्याने सुटतो हे मला ठाऊक नव्हतं. विचारायला तोंड होतं की! मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांनी धनुष्य अलगद उचलून गॅरेजमध्ये नेलं.

लास्लोंना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी येऊन धनुष्य चाचपलं.

"लाकूड ओके आहे, शिंगही. तंतू पुन्हा लावावे लागतील. मग निदान चार-पाच महिने वाळवायचं." धनुष्य खाली ठेवून म्हणाले, "तेव्हा मी इथे नसेन."

"मी लावते," मी म्हणाले.

"अगं शुभा, तू?" हे बघतच राहिले. जन्मात अंड्याला हात न लावलेली बाई मी! पण ह्यांची बोटं संधिवाताने आखडतात, आणि मी सातव्या वर्षापासून वाती वळतेय. नस उकलून तंतू मोकळे करणं कापूस पिंजण्याहून फार वेगळं नाही. वासाने दोनदा बाहेर पळाले, दोनदा परत आले. लास्लो खुर्चीत बसून सांगत होते, "अजून सरस. आता फणीने सरळ कर. घाई नको." ते जायच्या आदल्या दिवशी शेवटचा थर बसला.

पुढचे महिने रोज सकाळी चहाआधी मी धनुष्य बघून यायची. हात मात्र लावला नाही. मार्चमध्ये ह्यांनी साल चढवली आणि तीन तास ड्राइव्ह करून आम्ही क्लीव्हलंडला गेलो.

लास्लो फार थकले होते. ह्यांनी धनुष्य गुडघ्यावर दाबलं, मी दोरीचा फास हातात धरला, इतक्यात लास्लो म्हणाले, "थांबा. तिची ती लाल पावडर राहिली."

"नको," मी म्हणाले. "मला भीती वाटते."

"कोरडी लाव. आणि माझ्यासमोर."

पर्समधला करंडा काढून मी मुठीपाशी चिमूटभर कुंकू लावलं. ह्यांनी जोर केला, मी फास खाचेत अडकवला. लास्लोंनी थरथरत्या बोटाने दोरी छेडली आणि कान लावून ऐकत राहिले. मग लहान मुलासारखे हसले.

मला रडू फुटलं. डोळे पुसायला मी धनुष्यापासून चार पावलं लांब गेले.