सीमा सुनेकडे जाते

धाकटीने व्हिडिओ मधेच थांबवला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. शिकवणाऱ्या बाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं, हात फळ्याकडे होता आणि खाली सबटायटलची ओळ उमटली होती : ‘सीमा सुनेकडे जाते.’

शेजारी वाटाणे सोलत बसलेल्या आईने चष्मा वर सरकवून ती ओळ वाचली.

“जाऊ दे की,” ती म्हणाली. “सासू-सुनांचं त्यांचं त्या बघतील. आपण कशाला मधे पडायचं?”

धाकटी हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. बाईंनी ‘शून्याकडे’ म्हटलं असणार, हे तिला गणिताचं पुस्तक उघडल्यावर कळलं. सबटायटल लिहिणाऱ्या यंत्राला गणितापेक्षा घरसंसारच जास्त ठाऊक होता. ‘फल’ म्हटलं की ते ‘फळ’ लिहायचं, ‘अवकलज’, म्हणजे रेघेचा चढ, म्हटलं की ‘अवखळ’. आणि धाकटीची सगळी भिस्त त्या ओळींवर होती.

लहानपणी आलेल्या तापात तिचे कान गेले होते. बोलायला ती त्याआधीच शिकली होती, त्यामुळे वाचा राहिली. पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तो कधी चढायचा, कधी विहिरीत उतरायचा. दुकानात लोक हसले, शाळेत पोरी हसल्या, तेव्हापासून तिने बोलण्याचं खातं आईकडे सोपवलं. दुकान असो, दवाखाना असो की कुणाचं लग्न. धाकटी बघायची आणि आई बोलायची. आईचे ओठ तिला पाठ होते.

ती चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिथल्या गोंगाटात बाकीच्यांची डोकी उठायची, हिला त्याचा त्रास नव्हता. पण तिचं मन होतं वरच्या मजल्यावर, जिथे काचांना किती बाक द्यायचा ते आखलं जातं त्या खोलीत. तिथल्या मुख्य बाईंनी तिला कागदावर स्पष्ट लिहून दिलं होतं : जागा आहे, मात्र आधी कॉलेजचं कलनशास्त्र, म्हणजे कॅल्क्युलस, पास हो. धाकटी पूर्वी एकदा कॉलेजात गेली होती. पहिल्या बाकावर बसूनही पदरात काही पडलं नाही, कारण मास्तर फळ्याशी बोलायचे आणि हिच्या वाट्याला त्यांची पाठ यायची. तिने कॉलेज सोडलं. आता तोच विषय घरबसल्या ऑनलाइन होता. बाईंना थांबवता येत होतं, मागे नेता येत होतं. तिने नाव घातलं.

पहिल्या चाचणीत ती सपशेल आपटली. चूक तिच्या लगेच लक्षात आली. रोज संध्याकाळी सिनेमा बघावा तसे तिने धडे बघितले होते, मान डोलावली होती. काठावर बसून दुसऱ्याचं पोहणं बघावं आणि सरळ डोहात उडी घ्यावी, तसं झालं होतं. ती रडली नाही. तोंड धुऊन आली आणि पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरू केलं.

या खेपेला तिने बैठकच बदलली. कामावर जाण्याआधी, डोकं ताजं असताना बसायचं. उदाहरण एकदा बघायचं, मग व्हिडिओ बंद करून स्वतः सोडवायचं. अडलं तर तसंच पुढे रेटायचं नाही, त्याच दिवशी विचारायचं. यातलं विचारणं सर्वांत जड गेलं. विद्यार्थ्यांच्या चर्चेच्या पानावर तिने प्रश्न लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी डोळे मिटून पाठवला आणि जेवायला बसली. हात धुऊन येते तो दोन उत्तरं आलेली. कुणी हसलं नव्हतं.

मग तिची भीड चेपली. ती विचारू लागली, हळूहळू इतरांना सांगूही लागली. तिथे कुणाला तिच्या कानांची वार्ता नव्हती. एकाने तर लिहिलं, ‘बोलक्या ताईंना विचारा, त्या नीट फोड करून सांगतात.’ तिने ते आईला दाखवलं. आई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या दिवसापासून घरात धाकटीचं नाव ‘बोलकी’ पडलं.

सबटायटल जिथे घसरायचे तिथे आई कान द्यायची आणि बाईंचं वाक्य तोंडाने धाकटीला सांगायची. शाळा तिने लवकर सोडली होती, पण शब्द तिच्या जिभेवर बसले. “अर्थाचं तू बघ, मी नुसती हमाल,” असं म्हणायची. शेजारणीला मात्र ऐटीत सांगायची की आमचं साखळी नियमापर्यंत आलंय.

पुढे पुढे आई लॅपटॉपला खेटून बसू लागली. आवाज इतका वाढवायची की शेजारीण दोनदा येऊन गेली. या बाई शब्द गिळतात, अशी तिची तक्रार होती. तिने सांगितलेलं कधी कधी जुळायचं नाही. धाकटी पुस्तक उघडून दुरुस्त करायची आणि बाईंना दोष द्यायची.

लेखी परीक्षा चांगली गेली. राहिली तोंडी. घरून शिकणाऱ्यांनी अभ्यास स्वतःच केलाय ना, याची खात्री करून घ्यायला कॉलेजने ती ठेवली होती. धाकटीने आधीच लिहून परवानगी मागितली होती : आई शेजारी बसेल, प्रश्न तेवढा सांगेल, उत्तर नाही. कॉलेजने मान्य केलं.

रविवारी दुपारी पडद्यावर परीक्षक आले आणि धाकटीने आधी त्यांचे ओठ शोधले. त्यांच्या झुपकेदार मिशांनी वरचा ओठ पार झाकला होता. त्यात चित्र अडखळत होतं. ते काहीतरी बोलले. तिने आईकडे बघितलं.

“विचारतायत, पुढे शिकणार का?”

सोपा प्रश्न होता. “हो, शिकणार,” धाकटी म्हणाली.

परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी सावकाश. आई पडद्याकडे बघत चटकन म्हणाली, “हो, हो.”

धाकटीने तिच्याकडे निरखून पाहिलं. आईच्या कपाळावर घाम होता आणि ओठांवर हसू होतं. ते हसू धाकटीच्या चांगल्या ओळखीचं होतं. लग्नाच्या मांडवात, बसच्या थांब्यावर, कुणी अनोळखी माणूस बोलू लागला की ती स्वतः तेच हसायची. आणि अशीच पटकन हो म्हणायची.

तिने आईच्या हातावर हात ठेवला.

“तू जरा बाहेर बस. मी बघते.”

आई उठली. एरवी तिने दहा प्रश्न विचारले असते. आता मुकाट्याने दार ओढून गेली.

धाकटीने पडद्याकडे तोंड केलं.

“सर, मला ऐकू येत नाही. मिशांमुळे तुमचे ओठ दिसत नाहीत. प्रश्न लिहून पाठवा.”

परीक्षकांचा हात नकळत मिशांवर गेला. मग ते टाइप करू लागले. प्रश्न उमटला : ‘अवकलज शून्य आहे, म्हणजे तिथे शिखर आहे का?’

शिखर आहे का. शिकणार का. धाकटीने श्वास घेतला.

“शिखर असेलच असं नाही. क्षचा घन घ्या.” तिने हवेत बोटाने रेघ ओढली. “शून्यापाशी चढ संपल्यासारखा वाटतो. रेघ क्षणभर आडवी होते. पण पलीकडे ती पुन्हा चढतेच. त्यामुळे आधी काय होतं आणि नंतर काय होतं, दोन्ही बघावं लागतं.”

आपला आवाज कुठे चढतोय, कुठे पडतोय, हे तिला कळत नव्हतं. ती थांबली नाही. पुढचा प्रश्न आला, त्याच्या पुढचा आला. एका ठिकाणी चिन्ह चुकलं, ते तिने स्वतःच धरलं. शेवटी पडद्यावर दोनच शब्द आले : ‘उत्तीर्ण. अभिनंदन.’

ती बाहेर आली तेव्हा आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. धाकटीने मान डोलावली. आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मग नजर दुसरीकडे वळवली. धाकटी खालच्या पायरीवर, तिच्यासमोर बसली.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“तुला ऐकू येत नाहीये ते.”

आईने पायरीवरची धूळ हाताने झटकली. “तुला कुणी सांगितलं?”

“तू हो म्हणालीस त्याने. ज्याला ऐकू येतं, त्याला हो म्हणायची इतकी घाई नसते.”



“डाव्याने कधीच साथ सोडली,” आई म्हणाली. “उजवा बरा होता. म्हटलं, तुझी परीक्षा पार पडू दे. एका घरात एका वेळी एकच बहिरी बरी.”

धाकटी हसली नाही. उद्या अर्धी सुटी टाकते, कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ, असं तिने सांगितलं. आईने मान हलवली. मग काहीतरी आठवल्यासारखी थबकली.

“तिथे बोलणार कोण?”

“मी.”

आई समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिला ऐकू गेलं नसावं असं वाटून धाकटीने पुन्हा सांगितलं, इतक्या मोठ्याने की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं.

“पहिल्याच वेळी ऐकलं होतं,” आई म्हणाली, आणि कठड्याला धरून उठली.