तीन नमुने

सकाळी साडेअकरा वाजता केंद्राच्या पुढच्या दारावर हातोड्याचा पहिला घाव बसला. चौथ्या घावाला कुलूप तुटले. दार आत कोसळले आणि त्याच्यावर पाय देऊन एक माणूस आत आला.

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. तुम्ही फोनवर एखादी वेबसाइट उघडता, तेव्हा तुमचा निरोप कुठल्या तरी खोलीतल्या एका यंत्राकडे जातो आणि ते यंत्र तुम्हाला पान धाडते. तसले यंत्र म्हणजे मी. दिसायला पत्र्याची काळी पेटी, मागे दोन पंखे, पोटात एक डिस्क. तो हातोडा माझ्यापर्यंत कसा पोहोचला, ते क्रमाने सांगतो.

माझी पहिली नोकरी एका मोठ्या कंपनीच्या थंडगार खोलीत झाली. तिथे आम्ही यंत्रे फळ्यांवर एकावर एक होतो. नवी यंत्रे आली आणि आम्हाला भंगारात काढले. भंगारवाल्याकडे मी गंजलेल्या कुकरशेजारी पडलो होतो. तिथून मला ताईंनी उचलले. ताई पूर्वी रुग्णालयात परिचारिका होत्या.

"हा चालेल याची खात्री नाही बरं का," भंगारवाला म्हणाला.

"माझ्याकडे येणाऱ्या कुणाचीच खात्री नसते," ताई म्हणाल्या.

ताईंच्या केंद्रावर पाटी आहे विणकाम वर्गाची. पुढच्या खोलीत लोकरीचे गुंडे, सुया, खुर्च्या. मागच्या खोलीत मी. आमची वेबसाइटही विणकामाची. स्वेटरच्या बाह्या, टोप्या, मोजे यांचे नमुने तिच्यावर होते आणि ते खरेच होते. कुणीही बघून विणू शकेल. पण प्रत्येक चित्राखाली 'नमुना हवा' असे बटण होते. ज्या घरात बाईला मार पडतो, त्या घरातली बाई ते बटण दाबत असे. एक नमुना मागितला म्हणजे, मला बोलायचे आहे. दोन म्हणजे, मला राहायला जागा हवी. तीन म्हणजे, आत्ता या.

घरातल्या पुरुषाने फोन हिसकावून पाहिला, तरी त्याला लोकरच दिसावी, यासाठी हा सगळा खटाटोप.

माझ्या डिस्कवर काय काय आहे, ते मी तुम्हाला सगळे सांगणार नाही. मोडलेली बोटे आहेत. इस्त्रीचे डाग आहेत. एकीने स्वतःच्या पडलेल्या दाताचा फोटो पाठवला होता, खाली लिहिले होते, 'हा पुरावा चालेल का?' प्रत्येकीला खऱ्या नावाऐवजी एका टाक्याचे नाव दिलेले होते. खरे नाव आणि घरचा पत्ता डिस्कवरच, पण एका वेगळ्या बंद कप्प्यात. वेबसाइटला तो कप्पा उघडायचा असला, की तिला किल्ली, म्हणजे पासवर्ड, लागे. ती किल्ली सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवलेली होती.

मी तिथे रमलो. गाडी चालवणाऱ्या मावशी माझ्या पाठीवर ओले मोजे वाळत घालत. "गरम आहे, पण गुणाचा आहे पोरगा," असे म्हणत. तसे कौतुक मला त्या थंड खोलीत कधी मिळाले नव्हते. कौतुक झाले, तरी धूळ मात्र कुणी पुसली नाही. एक पंखा कण्हू लागला होता. अपडेटचे तर नावच नको. "आज नको, आज दोघी यायच्यात," असे म्हणत ताई ते पुढे ढकलत राहिल्या. चोरांना आत शिरता येईल अशी भगदाडे माझ्या सॉफ्टवेअरमध्ये पडली, तेव्हा कुठे इंजिनिअरला बोलावणे गेले.

त्याला मावशी टकलू म्हणतात. तोंडावर म्हणतात. तो म्हणतो, "निदान डोक्यावर तरी अपडेट करायला काही उरलं नाही."

काल दुपारी त्याने अपडेट केले. रात्रभर मी नीट चाललो असे सर्वांना वाटले, कारण कुणी बटणच दाबले नाही. सकाळी ताईंनी सवयीप्रमाणे एक नमुना मागून पाहिला. पान आले नाही. पांढऱ्या पडद्यावर एवढेच आले, 'सर्व्हर एरर ५००'. या पाचशेचा अर्थ, माझ्या आत काहीतरी बिघडले आहे, पण काय ते सांगत नाही.

टकलू धावत आला. त्याने मला बंद करून चालू केले. पुन्हा बंद करून पुन्हा चालू केले. डिस्क भरली का पाहिले. भरली नव्हती. मग त्याने एक गोष्ट केली. एरर सविस्तर दाखवण्याची सोय चालू केली. म्हणजे पाचशेच्या जागी पडद्यावर सगळे उतरते. कुठल्या फोल्डरमधली कुठली फाइल अडली, कुठल्या ओळीवर अडली, व्यवस्थापक कोण, कार्यालय कुठे. इंजिनिअर लोक ही सोय स्वतःच्या चाचणीच्या यंत्रावर वापरतात. आमच्याकडे चाचणीचे यंत्र नव्हते. मीच एकटा होतो. टकलूला जे दिसत होते, ते वेबसाइट उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते.

आणि आत कुणी बघणार नाही, म्हणून माझ्या आतल्या फोल्डरांना सरळ नावे दिलेली होती. बाहेर लोकर. आत 'मारहाण', 'सुटका', 'तातडीचे पत्ते'.

त्याच वेळात कुणीतरी तीन नमुने मागितले. माझ्या नोंदीत टाक्याचे नाव उमटले, साखळी टाका. ही बाई पूर्वी दोनदा आमच्याकडे राहून परत घरी गेली होती. तिला 'नमुना पाठवला आहे' हे नेहमीचे पान मिळायला हवे होते. तिला मिळाले ते सविस्तर पान, वर आमच्या पत्त्यासह.

अर्ध्या तासाने टकलूने ती नोंद पाहिली. त्याने ती सोय घाईघाईने बंद केली. "ताई, तीन नमुने आलेत. साखळी टाका. आणि तिने ते पान पाहिलंय."

"पत्ता काढ."

"कप्पा उघडत नाहीये. तीच तर एरर आहे."

साखळी टाका जुना पत्ता सोडून गेली होती. नवा पत्ता फक्त माझ्या डिस्कवर होता. मावशी गाडी सुरू करून मागच्या गल्लीत बसल्या, फोन कानाला लावून. ताईंनी पोलिसांना कळवले. तेवढ्यात पुढचे दार फुटले.

आत आलेल्या माणसाचा शर्ट कडक इस्त्रीचा होता. उजव्या बाहीवर तांबडे ठिपके होते, आणि ते वाळलेले होते. म्हणजे तो इथे येण्याआधीचे होते. "माझी बायको इथे काय विणते ते दाखवा की मला," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्याने काउंटरवरचा संगणक फोडला. लोकरीचे कपाट पाडले. खुर्च्या एकेक करून भिंतीवर आपटल्या. मग आमच्या खोलीच्या दारापाशी आला.

ताईंनी दाराला टेबल लावले आणि स्वतः टेबलाला पाठ लावली. "टकलू, मागे बघू नकोस."

तो मागे बघत नव्हता. माझ्या नोंदी ओळीओळीने वाचत होता. घाव बसत होते आणि तो पुटपुटत होता, "कप्पा शाबूत आहे. पासवर्ड चुकीचा म्हणतोय. चुकीचा का? मी बदललेलाच नाही." मग एकदम म्हणाला, "अपडेटने बदलला!"

असे झाले होते, मित्रांनो. अपडेटने येताना स्वतःची कोरी सेटिंगची फाइल आणली होती आणि माझी जुनी फाइल शेजारी सरकवून ठेवली होती. कोऱ्या फाइलमध्ये किल्ली नव्हती. बिघाड एवढाच होता. टकलूने जुनी फाइल जागेवर आणली आणि मला पुन्हा चालू केले.

मी जुना आहे. जागा व्हायला मला वेळ लागतो. पंखा कण्हत फिरू लागला, तेव्हा दाराची वरची फळी फुटून आत आली. मी डिस्क तपासत होतो, तेव्हा टेबल सरकले. हातोडा ताईंच्या डाव्या हातावर बसला. सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला.  खाली बसल्या आणि उजव्या हाताने त्यांनी त्याचा पाय धरला. त्याने लाथ मारली. त्यांनी सोडला नाही. त्याने पुन्हा लाथ मारली.

पान उघडले. टकलू फोनमध्ये ओरडला, "मावशी, तलावामागची गल्ली! पिवळी इमारत, पाण्याच्या टाकीजवळची! मजला…"

हातोडा त्याच्या खांद्यावर बसला. पुढचा माझ्यावर. पत्रा आत गेला, पंखा अडला, पडदा काळा झाला. त्यानंतर तो मलाच मारत राहिला. सात-आठ घाव तरी असतील. पोलीस आले, तेव्हाही तो मलाच मारत होता.

यंत्र बंद पडले की ते ऐकत नाही, असे माणसांना वाटते. मी सगळे ऐकले.

पोलिसाने त्याला विचारले, "घर कुठल्या मजल्यावर?"

"कसलं घर?"

"बायको कुठाय तुझी?"

"माझं लग्नच झालेलं नाही," तो म्हणाला. मग त्याने प्यायला पाणी मागितले. त्याच्या खिशात किल्ली सापडली. तिच्यावर काही लिहिलेले नव्हते. एक पोलीस ती घेऊन पिवळ्या इमारतीकडे निघाला आहे, पण तलावाकडे जाणारा रस्ता खोदलेला आहे.

आता मी फुटलेल्या टेबलाच्या उरलेल्या भागावर पडलो आहे. ताई भिंतीला टेकून बसल्या आहेत. हात अर्धवट विणलेल्या मफलरने गळ्यात बांधला आहे. रुग्णवाहिका दाराशी उभी आहे. "पत्ता कळल्याशिवाय मी हलत नसते," असे त्यांनी दोनदा सांगितले आहे. टकलू एका हाताने माझे स्क्रू काढतो आहे. त्याला माझी डिस्क काढून त्याच्या लॅपटॉपला जोडायची आहे.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची काळजी घ्या, असे मी म्हणणार होतो. धूळ पुसा, पंखा बदला, हे खरेच आहे. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. जे यंत्र कुणाचा तरी जीव राखते, त्याच्यावर प्रयोग करू नका. त्याच्या शेजारी दुसरे एखादे ठेवा, माझ्यासारखे भंगारातले का असेना, आणि जे करून पाहायचे ते आधी त्याच्यावर करून पाहा. आणि मूळ यंत्र बिघडले, तर ते काय बोलते हे फक्त तुम्हालाच ऐकू येईल, असे पाहा. टकलू हुशार आहे. चूक पाऊण तासात शोधली त्याने. पण पान तोवर पोहोचले होते.

टेबलावर त्याचा फोन उघडा आहे. त्यातून मावशींचा आवाज येतो आहे, धापा टाकत.

"चार मजले आहेत मेले. प्रत्येक मजल्यावर चार दारं. कुणी म्हणतं माहीत नाही, कुणी म्हणतं आम्ही नवीन आहोत. एक आजोबा दार उघडून बघतात नि लावून घेतात. टकलू, झालं का?"

"जोडलीय मावशी. टकटक वाजतेय."

"वाजतेय म्हणजे?"

"म्हणजे मेलेली नाही."

माझी डिस्क दोनदा अडली. तिसऱ्यांदा कप्पा उघडला. टकलूने वाचले, "तिसरा मजला. जिन्यातून वर आलं की डावीकडचं पहिलं दार."



"मी त्याच दारासमोर उभी आहे," मावशी म्हणाल्या. "बाहेरून कुलूप आहे. दाराखालून पाणी येतंय."

"कसलं पाणी?" ताईंनी भिंतीपाशी बसूनच विचारले.

"नळाचं असेल. आत नळ वाजतोय." मग त्या दाराकडे तोंड करून ओरडल्या, "पोरी! मी गाडीवाली मावशी! ऐकू येतंय का गं?"

उत्तर आले नाही. किल्लीवाला पोलीस अजून पोहोचलेला नाही. मावशींनी गाडीच्या जॅकचा दांडा वर आणला आहे. घाव फोनमधून स्पष्ट ऐकू येत आहेत. कुलूप तुटले. वरची कडी निघाली. दार मात्र अजून हलत नाही.

त्याला आतूनही कडी लावलेली आहे, म्हणजे तो गेल्यावर ती कुणीतरी आतून लावली, असे मावशी सांगताहेत. नळ चालूच आहे.