काबरीचं सुतक

नामाजी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी काबरीनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. शिरड शहापुरात ही बातमी मयताच्या बातमीपेक्षाही लवकर पसरली. हिंगोली जिल्हा झाल्याचा तो पहिला हिवाळा होता.

भेटायला आलेल्या बाया आधी सिंधूबाईजवळ टेकत, पदर डोळ्याला लावत आणि मग मेंढरांच्या कुडानं वेढलेल्या वाडग्याशी जाऊन उभ्या राहत. नामाजीची ती लाडकी गाभण मेंढी कळपापासून लांब, कुडाकडे तोंड करून, मान टाकून उभी होती. कुणीतरी तिच्या कपाळाला कुंकू लावलं होतं.

"मुकं जनावर, पन धन्यासाठी उपास धरला," नणंद रूपाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "अन् घरची मानसं चहा पिऊन राहिली."

कप सिंधूबाईच्याच हातात होता. तिनं तो खाली ठेवला नाही. पावसाळ्यापासून ती अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची कूस बदलत आली होती. रडायचं राहिलंच होतं, पण रडायलाही अंगात जोर लागतो.

"आबावर खरी माया हिचीच," पोरगा शिवहार गहिवरून म्हणाला.

त्या बोलण्यानं सिंधूबाई उठली आणि वाडग्यात गेली. डोळ्यांपुढून हात फिरवला तरी काबरीनं पापणी हलवली नाही. नुसते दात खात होती. सिंधूबाईनं तिच्या तोंडाशी नाक नेलं. उतरलेल्या सीताफळासारखा गोडसर वास आला.

हा वास तिच्या ओळखीचा होता. मागं पोटात जुळं असलेली एक मेंढी अशीच भिंतीला तोंड लावून मेली होती. तेव्हापासून नामाजी दर हिवाळ्यात दिवस भरत आलेल्या मेंढ्यांना भिजवलेला हुलगा, शेवग्याचा पाला आणि गुळाचा खडा हातानं चारायचा. "पोटात दोन जीव बसले की चाऱ्याला जागा कुठं उरती? थोडकं द्यावं, पन दमदार द्यावं," म्हणायचा. यंदा तो अंथरुणात होता. हुलगा कुणाच्या ध्यानात राहिला नाही. तिच्याही नाही.

"हिनं सुतक न्हाई धरलं," ती बाहेर येऊन म्हणाली. "हिला रोग झालाय. पोटातली दोघं हिचंच अंग खाऊन राहिलीत. अंजली, गूळ काढ."

सून जागची हलली नाही. तिनं सासूकडं पाहिलं, मग रूपाबाईकडं.

"वैनी, शुद्धीवर हायेस का?" रूपाबाई कडाडली. "दहाव्याआधी या घरात गोड निघत न्हाई. माझ्या भावाची राख सावडायची हाय अजून!"

"मेंढीची राख सावडायला पन याल मंग."

"माय, नको छळू तिला," शिवहार म्हणाला. "आबासाठी खात न्हाई ती. लोक पाया पडून राहिलेत."

"तुझ्या आबानं तिला एक दिस तरी उपाशी ठेवली असती का?"

शिवहारनं सायकल काढली. "जनावरांचा डॉक्टर भेटतो का पाह्यतो."

सिंधूबाईनं स्वतःच गुळाची ढेप उतरवली आणि बत्त्यानं फोडली. मयताच्या घरात तो आवाज घणासारखा वाजला. ओसरीवरच्या बायांनी माना वळवल्या. रूपाबाई उठली, चपला पायात सरकवल्या.

"दहाव्याला बोलवू नको मला."

सिंधूबाईनं मान वर केली नाही. कोमट पाण्यात गूळ विरघळवला. अंजली न सांगता बाटली घेऊन आली आणि तिनं काबरीची मान धरली. ठसका लागू नये म्हणून गालाच्या कोपऱ्यातून घोट घोट सोडायचा, गिळला की पुढचा. दिवसभर हेच चाललं. डॉक्टर हिंगोलीला गेले होते. शिवहारनं आणलेला त्यांचा फोनवरचा निरोप एवढाच, की गूळपाणी चालू ठेवा, उद्या येतो.

सकाळी उन्हं वाडग्यात आली तेव्हा कुडाला पाठ लावून बसलेल्या सिंधूबाईच्या तळहाताला काहीतरी ओलं लागलं. काबरी तिच्या हातातला शेवग्याचा पाला ओठांनी चाचपत होती. एक काडी ओढली. चावली. मग दुसरी.

नामाजीच्या हातावरही ती असंच चाचपायची.

शिवहार आला तर मायच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"मेंढी खाऊन राहिली, अन् तू आता रडून राहिली, माय?"

"आता कुठं सवड झाली रे," सिंधूबाई म्हणाली. "जाय, हुलगा भिजू घाल."