सातव्या खोलीतली हवा

धाकटीला एक खोड होती, तयार मिळालेलं तिला पटायचंच नाही. बाजारातून बोर्ड आणावा, त्याच्यासोबतचं लिनक्स मेमरी कार्डावर उतरवावं आणि गप्प कामाला लागावं, असं सरळ वागेल तर शपथ! त्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरसाठी ती इमेज, म्हणजे कार्डावर उतरवायची अख्खी सिस्टीम, पहिल्यापासून स्वतः बांधायची. छपाईचं काढ, आवाजाचं काढ, नको ते सगळं काढ. सव्वा मिनिटाने उठणारा बोर्ड आता अकरा सेकंदांत उठत होता आणि बाईसाहेब स्वतःवर जाम खूश होत्या.

हे बोर्ड लागले होते तिच्या दादाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. सफरचंदं महिनोन्महिने टिकावीत म्हणून तिथे बंद खोल्यांमधला ऑक्सिजन जवळजवळ काढूनच टाकतात. वास नाही, रंग नाही, साधी घुसमटही जाणवत नाही. माणूस आत शिरला की दोन श्वासांत आडवा. म्हणून प्रत्येक खोलीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर लावलेला एक बोर्ड, आणि त्याचा टक्क्यांतला आकडा बाहेर ऑफिसातल्या पडद्यावर. एकवीस दिसला की हवा नेहमीसारखी, खुशाल जा. त्याच्या खाली असेल तर पाठीला हवेचा सिलिंडर लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

त्या दुपारी घरी तिची नवी इमेज बांधून झाली. चाचणीसाठी बोर्डाला काहीतरी ओळख द्यावी लागते. खोटी ओळख बनवायला पाच मिनिटं लागली असती, पण तेवढाही धीर कुणाला! तिने सात नंबरच्या खोलीची खरी ओळखच उचलून इमेजमध्ये टाकली. घरात टेबलावर सेन्सर नव्हता. त्यावाचून चाचणी अडू नये म्हणून तिने प्रोग्रॅममध्ये आधीच लिहून ठेवलं होतं, सेन्सर सापडला नाही तर एकवीस धर. कार्ड खोचलं, वायर लावली, आणि बोर्ड उठून आपणहून कोल्ड स्टोरेजच्या सर्व्हरला जोडला गेला.

थोड्या वेळाने दादाचा फोन आला.

"काय गं, सात नंबर एकवीस दाखवतोय."

"मग?"

"मग काय मग? सकाळी दार उघडून पंखे लावलेत. एवढ्यात हवा बदलत नाही, चांगला दीड दिवस जातो. मघाशी तर आकडा चारच्या आसपास होता."

इथेच तिने थांबायला हवं होतं. पण दादाने तिच्या कामावर शंका घेतली की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, अगदी लहानपणापासून.

"पंखे नवे आहेत ना? माझा बोर्ड खोटं बोलत नाही, दादा. तुझ्या दीड दिवसापेक्षा त्याचं ऐक."

"बरं बाई, तू म्हणशील तसं," तो हसला. "मागच्या पेट्या सडल्यात का तेवढं बघून येतो."

फोन ठेवून ती चाचणीचा लॉग, बोर्डाने केलेल्या नोंदी, वाचायला बसली. अर्ध्यावर तिची नजर अडली. 'सात नंबर पुन्हा जोडला. जुनी जोडणी तोडली.'

जुनी जोडणी कुणाची? एका ओळखीचे दोन बोर्ड आले की सर्व्हर नव्याचं ऐकतो, आणि जुन्याला जागा मोकळी होईपर्यंत ताटकळत ठेवतो. म्हणजे खोलीतला खरा बोर्ड मुका झाला होता आणि त्याच्या नावाने हिचं टेबल बोलत होतं.

तिने वायर उपटली आणि दादाला फोन लावला. बराच वेळ वाजला. शेवटी उचलला तो कोल्ड स्टोरेजच्या फोरमनकाकांनी.

"दादा कुठंय?"

"सातमध्ये गेलाय. फोन इथेच विसरला बघ. काय झालं पोरी?"

"सिलिंडर लावलाय ना त्याने?"

"लावत होता. मग म्हणाला, बहीण सांगतेय ना, कशाला ते ओझं. पण एव्हाना यायला हवा होता खरं."

ती सगळं सांगायला लागली.

"थांब थांब," काका म्हणाले, "आकडा बदलला. चार दाखवतोय आता! इतका वेळ चांगला एकवीस होता. बिघडला गं तुझा बोर्ड."

"नाही काका, चारच खरं आहे! तुम्ही आत जाऊ नका, आधी सिलिंडर..."

"काय? पंख्यांच्या आवाजात तुझं ओरडणं काही कळत नाही बघ. तू धर फोन, मी त्यालाच हाक मारून आणतो."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. ती जिवाच्या आकांताने ओरडत राहिली, "बोर्ड बरोबर आहे काका, मी चुकले, मी चुकले!" पंख्यांची घरघर चालूच होती. त्या घरघरीतून काकांची पावलं लांब जाताना ऐकू आली, आणि मग त्यांची हाक आली, "अरे ए, बाहेर ये की!"

ती श्वास रोखून ऐकत राहिली. दुसरी हाक आलीच नाही.