डावीकडचा डबा

धोंडूबाईचा उजवा अंगठा चाळीस वर्षं एकच काम करत आला होता. पूर्णगडच्या जेटीवर ती गिऱ्हाइकांचे मासे साफ करून द्यायची. समोर फळी, हातात सुरी, डाव्या अंगाला टोप. खवलं काढायची, पोट साफ करायचं आणि अंगठ्याने मासा डावीकडे ढकलायचा, की तो टोपात. डोळे बांधून बसवली असती तरी अंगठा चुकला नसता. अंगठा शहाणाच होता. मालकिणीबद्दल तसं म्हणवत नाही.

तीन वर्षांपूर्वी तिची मनिषा नवऱ्याच्या माराला कंटाळून एक पिशवी घेऊन माहेरी आली, तेव्हा धोंडूबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली होती. "दिली तिथे नांद. परत या दारात यायचं नाय." लोक काय म्हणतील याची तेव्हा तिला फार काळजी. लोकांनी आठ दिवस काय म्हणायचं ते म्हटलं आणि विसरले. मनिषा मात्र ना सासरी गेली, ना पुन्हा माहेरी आली. कुणाच्या तरी ओळखीने आखातात गेली, एका म्हातारीला सांभाळायला.

यंदा फेब्रुवारीत तिचा आवाज फोनमध्ये आला. फोन श्रद्धाने दिलेला, तिचा जुना. श्रद्धा शेजारीण, वाडीतली अंगणवाडी तीच चालवायची.

"आये, मी मनी. मे महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. तू ये म्हणालीस तर येते. नायतर आणखी तीन वर्षांची सही करते. इथनं व्हॉट्सॅपचा कॉल लागत नाय, तू बोलून पाठव."

धोंडूबाईने ते सात वेळा ऐकलं आणि पदर सावरत श्रद्धाच्या अंगणात गेली.

"गो श्रद्धा, यात बोलून कसं पाठवायचं?"

"हा माइक दाबून धरायचा, काकी. बोलायचं नि सोडायचं."

"येवढंच?"

"येवढंच. कर की आत्ता, मी आहे."

पण माफी काय शेजारणीसमोर मागायची? दुसऱ्या दिवशी दुपारी जेटीवरची गर्दी पांगल्यावर तिने हात लुगड्याला पुसले आणि माइक दाबला. "मने, ये गो बाय. चुकलं माझं. मी उंबऱ्यात उभी ऱ्हायले ती अजून तिथेच उभी हाय. ये तू."

बोलून झालं आणि अंगठा आपल्या सवयीने डावीकडे सरकला. तर काय नवल! काचेवर डावीकडे एक इवलासा डबा आला, त्याचं झाकण उघडलं, माइक टुणकन उडी मारून आत पडला आणि झाकण लागलं. धोंडूबाईचा जीव भांड्यात पडला. टपालपेटीच ती! श्रद्धा सोड म्हणाली खरं, पण पेटीत टाकल्याशिवाय पत्र कसं सोडायचं? आजकालच्या पोरींना अर्धवट सांगायची खोडच असते.

मग रोज दुपारी एक निरोप. कौलं परतली. मागची खोली झाडून घेतली. तुझ्या आवडीचं तिरफळ वाळवून ठेवलंय. सगळं बोलायचं, डावीकडे ढकलायचं, झाकण लागेपर्यंत बघत राहायचं. एकदाच काय ते बिनसलं. नुकता माइक दाबला होता, तेवढ्यात मांजरीने फळीवरची तांबोशी मासळी उचलली. तिच्यामागे धावताना अंगठा सुटला. तो निरोप डब्यात गेलाच नाही, हिरवा होऊन बाहेरच पडून राहिला. बिघडलेलं पत्र म्हणून तिने सोडून दिलं आणि दुसऱ्या दिवशी नीट बोलून पेटीत टाकलं.

पोरीकडून उत्तर नव्हतं. समुद्रापलीकडचं टपाल, वेळ लागायचाच. शिवाय पोर रुसलेली. रुसूदे. तिने तीन वर्षं काढली, आपण तीन महिने काढू.

मेच्या दहा तारखेला उत्तर आलं.

"आये, समजलं मला. आज सही केली. हा नंबरही आता बंद करते. तुला पुन्हा त्रास देणार नाय."

धोंडूबाई हातातली सुरी तशीच घेऊन अंगणवाडीत गेली. पोरं खिचडी खात होती.

"श्रद्धा, ह्या पोरीचं डोकं फिरलंय. रोज ये ये म्हणते मी, नि ही म्हणते समजलं."

श्रद्धाने तिच्या हातातली सुरी आधी काढून घेतली, मग फोन बघितला. वर सरकवला, खाली सरकवला.

"काकी, तुझं यात एकच बोलणं गेलंय."

"एकच कसं? रोज पेटीत टाकते मी. हे बघ, असं..." धोंडूबाईने माइक दाबला, डावीकडे ढकलला. डबा आला, झाकण उघडलं, लागलं. "गेलं!"

श्रद्धाने तिचा अंगठा काचेवरून बाजूला केला.

"काय गो?"

"काकी, तो कचऱ्याचा डबा आहे. बोललेलं टाकून द्यायचा."

खिचडीच्या ताटल्या वाजत होत्या. धोंडूबाई अंगठ्याकडे बघत राहिली.

"मग ते एक कुठलं गेलं?"

श्रद्धाने मन नसताना त्या निरोपावर बोट ठेवलं. धोंडूबाईचाच आवाज, जेटीवर घुमणारा, खणखणीत: "चालती हो इथनं, रांडे! पुन्हा आलीस तर तंगडी मोडून हातात देईन!"

पोरं खिदळली. एकाने तर पुन्हा लावा म्हटलं.

"ती मांजर..." धोंडूबाई म्हणाली. "मांजरीला गो ते. तिने ऐकलंय का?"

"दोन निळ्या खुणा आहेत. मार्चातच ऐकलंय."

"तिला सांग ना, मांजर व्हती म्हणून."

"कुणामार्फत गेली ते माहीत आहे तुला? घराचा पत्ता? दुसरा नंबर?"

"मी विचारलंच कुठे."

श्रद्धाने तिचा अंगठा आपल्या हातात घेऊन माइकवर ठेवला. "बोल. नि नुसता उचल." धोंडूबाईला इतक्या दिवसांतलं एकही वाक्य आठवेना. "ये गो," एवढंच ती म्हणाली. अंगठा डावीकडे ओढ घेत होता, श्रद्धाने तो घट्ट धरून वर उचलला. निरोप हिरवा झाला. खाली एकच खूण आली, करडी.

"पोचला?"

"रेंज नसेल तिकडे," श्रद्धा म्हणाली आणि पोरांच्या ताटल्या गोळा करायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडूबाई जेटीवर बसली. खूण अजून एकच होती. पहिली तांबोशी साफ झाली. अंगठा डावीकडे निघाला तो तिने रोखला आणि मासा उजवीकडे ढकलला. उजवीकडे टोप नव्हता. मासा फळीवरून धुळीत पडला.

चार हातांवर मांजर बसली होती. तिने मासा पाहिला, धोंडूबाईकडे पाहिलं आणि अंग चोरून मागे सरली.

"ये गो," धोंडूबाई म्हणाली. "ये, काय करत नाय मी."

मांजर आली नाही.