दिसला तरच दाबा

दृष्टिक्षेत्र तपासायच्या खोलीला खिडकी नाही. मधोमध वाटीसारखा खोल पांढरा पडदा, त्यापुढे हनुवटी टेकवायचा आधार आणि वरखाली होणारं स्टूल. एक डोळा पट्टीने झाकायचा, दुसऱ्याने मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. हे लोकांना नीट समजावणं आणि मग अंधारात गप्प बसणं, हे माझं काम.

शनिवारी दुपारी दवाखाना रिकामा असे, तेव्हा मुंगी यायची. मुंगी म्हणजे दादाची मुलगी. स्टूल पार वर नेलं तरी तिची हनुवटी पोचायची नाही, म्हणून स्टुलावर तिच्याखाली मी माझं कॉलेजातलं प्रकाशशास्त्राचं पुस्तक ठेवायची. "चला, एवढ्या शिक्षणाचा काहीतरी उपयोग झाला," असं दादा म्हणायचा. मुंगी दात आवळून, श्वास रोखून बसायची. तिला मी एकच नियम शिकवला होता: दिसला तरच दाबायचं. मधूनमधून यंत्र नुसतं 'खुट्' करतं, दिवा लावतच नाही. मोठी माणसं त्या आवाजाला हमखास फसतात. मुंगी कधी फसली नाही.

मग शाळेत एकदा प्रार्थनेनंतर बाईंनी मुलांना डोळे मिटायला सांगितले. देव जवळ आल्यासारखा ज्याला वाटला, त्याने हात वर करायचा. सगळ्या वर्गाचे हात वर, मुंगीचा मांडीवर. बाईंनी कारण विचारलं, तर म्हणाली, "दिसला तरच दाबायचं असतं, बाई. आत्या म्हणते."

वहिनी मला एका शब्दाने बोलली नाही. त्या आठवड्यापासून मुंगीला शनिवारी गाण्याचा क्लास लागला, एवढंच. त्यांच्या घरी गेले की मुंगी अभ्यासाला मैत्रिणीकडे गेलेली असायची. चहा मिळायचा, विचारपूस व्हायची. भांडावं तरी कशाशी?

आज दादा आला तो स्वतःच्या डोळ्यांसाठी. डॉक्टरांना डोळ्यांतला दाब जास्त वाटला होता.

"बसू का, डॉक्टरीणबाई?"

"बस. आणि तोंड बंद. डोळा ठिपक्यावर. दिसला तरच दाब."

मी खोलीतला दिवा मालवला. दादा भराभर दाबत सुटला. दिवा असो नसो, त्याचं बटण टकटक चाललेलं. मी यंत्र थांबवलं.

"दादा, न दिसता दाबतोयस."

"दिसतच असणार ना, त्याशिवाय दाबलं का?"

"तिथे दिवाच नव्हता."

"मग आवाज कशाला करतं ते?" तो हसला. "बरं, परत."

या खेपेला तो सावकाश दाबू लागला. लांबलांब विराम पडायला लागले. पडद्यावर डावीकडे वर दिवे लागत होते आणि दादा शांत बसून होता. मी त्याचा चेहरा पाहत होते. त्याला काहीही चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

खोलीतला दिवा लावून मी त्याला त्याच्या नजरेचा नकाशा दाखवला; न दिसलेली जागा त्यात काळी.

"एवढं काळं? मला तर कुठे काळं दिसत नाही."

"काळं दिसत नसतंच. एकाचं दुसरा डोळा भरून काढतो, उरलेलं मेंदू सारवून घेतो. माणसाला वाटतं, सगळं दिसतंय."

"गेलेलं परत येईल?"

"नाही. उरलेलं सांभाळता येतं. थेंब चुकवायचे नाहीत."

तो बराच वेळ पट्टी बोटाभोवती गुंडाळत राहिला. त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, ठेवलाही. मग राहवलं नाही.

"मुंगीला पाठव ना रे शनिवारी."

"अगं, तुला कुणी नाही म्हटलंय का? आपल्या घरात असलं काही नाही. तू देव मानत नाहीस, नको मानू. कुणी काही बोलतं तुला?"

"कुणीच काही बोलत नाही."

"बघ! तूच मनाला लावून घेतेस."

"भाड्याची दोन घरं हातची गेली माझ्या. कुठली प्रार्थना करता म्हणून विचारलं, मी करत नाही म्हटलं, आणि खोली आधीच दिलेली निघाली."

"तिसरं मी मिळवून दिलं की! आमच्यातलीच आहे म्हटलं, झालं काम. तेच तर सांगतोय. दोन शब्द म्हणायचे, डोळे मिटायचे. मुंगीसमोर एकदा म्हण, की आत्यालाही वाटतो देव जवळ. मी तिच्या आईला समजावतो. पुढच्याच शनिवारी आणून सोडतो. काय जातं तुझं?"

पुढचा शनिवार. क्षणभर मला दारातून तिच्या चपला आत भिरकावल्याचा आवाज आला. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"नाही जमणार, दादा."

"घराच्या वेळी बरं जमलं!"

"जमलं. घरमालकीण जिन्यात भेटली की अजून मान हलवते मी. पण मुंगीसमोर नाही. तिला न दिसता दाबलेलं ओळखता येतं."

"तुझा हट्ट म्हणजे अगदी…" त्याने वाक्य सोडून दिलं. पिशवी उचलली, थेंबांची चिठ्ठी खिशात घातली. दाराशी थबकून त्याने आधी उजवा डोळा हाताने झाकला, मग डावा, आणि चौकटीकडे वर पाहिलं. 

"दादा, केवढी झालीय रे मुंगी?"

त्याने हात छातीपाशी धरला. मग जरा विचार करून वर नेला.

"एवढी. उद्या मोजून सांगतो."

तो गेल्यावर मी स्टूल वर नेलं आणि त्याच्या हाताच्या उंचीवरून, तिथे बसलेल्या मुंगीचं डोकं कुठे येईल तिथे स्वतःचा तळवा हवेत धरला. तिची हनुवटी आता आधारावर नीट टेकली असती. पुस्तकाची आता गरज नव्हती. तरी काढून जवळच ठेवलं, स्टुलाच्या पायाशी. माझा अंदाज चुकलेला असू शकतो.