भोंग्याचं बाक कोणतं

“सूनबाई, एकदा काय ते ठरव. तू नक्की कुणाची? एक पाय माझ्या बाकावर, एक तुझ्या भावाच्या, आणि मान नणंदेकडे. असं उभं राहिलं की माणूस मधल्या मधे पडतो.”

“पडू दे की आबा. खाली फरशीच आहे, विहीर नाही.”

“बघा, हिला थट्टा सुचतेय. उद्या सभा आहे आणि हिची थट्टा.”

“तायडे, त्यांचं ऐकू नकोस,” तिचा भाऊ मधेच घुसला. “तुला कुणाचंच व्हायची गरज नाही. तू सरळ आमच्यात ये.”

“म्हणजे तुमचीच होऊ ना?”

मित्रांनो, हे भांडण चाललं होतं तेव्हा मी टेबलावर उताणा पडलो होतो. मी एक जुना भोंगा आहे. मागून बारीक, पुढून रुंद, हातात धरून खटका दाबून बोलायचा. ओठ एका बाजूला चेपलाय. पोटात आठ सेल बसतात. राग आला की मी कुंईंई करून किंचाळतो आणि मला राग पटकन येतो. त्या संध्याकाळी पण आला होता, पण त्यांच्या भांडणाचा नाही. तो प्रश्न मलाच टोचला. तू नक्की कुणाचा? मला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं सगळ्यांचं बोलणं माझ्या तोंडून गेलं, मग माझं स्वतःचं काय?

जरा मागून सांगतो, म्हणजे कळेल.

मला बनवलं तिथं शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. प्रत्येक भोंगा उचलून ती त्यात बोलायची, “हॅलो, एक, दोन, तीन.” बस, तेवढंच. दिवसभर तेच. माझी पाळी आली तेव्हा तिला सर्दी झाली होती. तिचा एवढासा फुसका श्वास माझ्यात शिरला आणि बाहेर पडला तेव्हा अख्खी खोली दचकली. मी पण दचकलो. माणसाच्या एका श्वासात एवढं असतं? खरं सांगतो, ते नवल माझं अजून ओसरलेलं नाही.

मग मी आलो त्या हॉलमध्ये, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर. हॉल तीन गटांत मिळून एकच होता. तीन गट, तीन बाकं. कुणी चुकून दुसऱ्याच्या बाकावर बसलं तर सगळे असे बघायचे, जणू परक्याच्या घरात चपला घालून शिरला. सामायिक होतो फक्त मी.

पहिलं बाक आबांचं. आबा साम्यवादी. त्यांचं म्हणणं असं, की कारखाने कुणा एकाचे नकोत, सगळ्या जनतेचे हवेत, सरकारच जनतेचं हवं आणि तिथवर जायला शिस्तीचा पक्ष लागतो. आबा माझ्यातून एक ओळ बोलायचे आणि रस्ताभर पसरलेली माणसं तीच ओळ परत द्यायची. दुकानांच्या काचा थरथरायच्या. माझा पत्रा पण. अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं, मला अंग नसून. पण कुणी उलटा प्रश्न विचारला की आबा म्हणायचे, “हे समितीत मांडा.” समितीत पण आबाच.

दुसरं बाक नावालाच. ते लोक बाक भिंतीला सरकवून जमिनीवर गोल बसायचे, म्हणून सगळे त्यांना गोलवाले म्हणायचे. ते अराज्यवादी. साहेब नको, नेता नको, सरकार पण नको, माणसं आपापसात मिळून आपलं बघतील. त्यांच्यात मी हातोहात फिरायचो. ज्याच्या हातात मी, त्यानंच बोलायचं. एकदा मी एका माळ्याच्या हातात आलो. तो अडखळत बोलायचा. एक वाक्य बोलायला त्याला इतका वेळ लागला की खाली दुकानात एक सायकल सुटी होऊन परत जोडून झाली. पण एकानंही त्याचं वाक्य तोडलं नाही, की त्याच्या वतीनं पुरं केलं नाही. सगळे नुसते थांबले. असं थांबणं मी दुसऱ्या कुठल्या सभेत बघितलं नाही. मात्र खिडकी उघडायची का, यावर पण त्यांची चर्चा व्हायची. ती संपेपर्यंत सगळे घामाघूम.

तिसरं बाक वकिलाकडे काम करणाऱ्या एका बाईचं आणि तिच्या मंडळींचं. ते लोकशाही समाजवादी. मत द्या, कायदा बदला, पायरी पायरीनं वर चढा. बाकीचे त्यांना चिडवायचे, हळूहळूवाले. मला पण ते आवडायचे नाहीत, कारण माझ्यातून ते कलमं वाचायचे. कलम सात, पोटकलम दोन. माझे सेल झोपायचे. एकदा तिनं असंच एक कलम वाचलं. घरकाम करणाऱ्या बाईला पण बाळंतपणाची पगारी रजा. मागच्या रांगेत एक पोटुशी बाई उभी होती. ती मटकन खालीच बसली, तोंडावर हात ठेवून. एवढ्या रटाळ वाक्यात एवढा जोर असतो?

आता सांगा, मी कुणाचा? ज्याचं तोंड मला लागेल, तो मला खरा वाटायचा. सकाळी तळ्यात, दुपारी मळ्यात. माझं मलाच हसू यायचं आणि लाज पण वाटायची. ज्याला स्वतःचं मत नाही तो नुसता पत्रा, असं मनात यायचं.

माझ्यासारखं आणखी एक माणूस त्या हॉलमध्ये होतं. वाफताई. पहिल्या बाकावरचे आबा म्हणजे तिचे सासरे, गोलवाल्यांत तिचा धाकटा भाऊ आणि ती कलमं वाचणारी तिची नणंद. घरातच तीन पक्ष, स्वयंपाकघरात पण सभा. वाफताई धुलाईच्या कारखान्यात कामाला होती. हॉस्पिटलच्या चादरी तिथं धुतल्या जायच्या. ती मोठ्या गरम रोलरवर इस्त्रीला. यायची तेव्हा केसांतून वाफ येतेय असं वाटायचं, म्हणून ते नाव. ती कुठल्याच बाकावर बसायची नाही. दाराला टेकून उभी राहायची आणि तिघांचंही ऐकताना मान हलवायची. तिघांनाही त्याचा राग.

आणि मग कारखान्याचा मालक गाशा गुंडाळून गेला. मशिनं मागे राहिली. पण सभेच्या दुसऱ्या दिवशी त्याचा ट्रक येऊन ती पण उचलून नेणार होता. त्याच्या आत कामगारांनी काही ठरवलं नाही तर सगळं संपलं. आबा म्हणायचे, दारात बसा, सरकारला कारखाना ताब्यात घ्यायला लावू. भाऊ म्हणायचा, आत शिरा, स्वतः चालवा. नणंद म्हणायची, कोर्टात जा आणि निकालापर्यंत थांबा. कामगार तिघांनाही ओळखत होते आणि तिघांनाही कंटाळले होते. ते म्हणाले, वाफताई बोलेल, तिचं आधी ऐकू. म्हणून त्या संध्याकाळी तिघं तिच्या मागे लागले होते. ती आमची आहे म्हणाली तर आमची सगळी माणसं उद्या दारात. नाही म्हणाली तर तुमचं तुम्ही बघा.

“तुम्हाला खरंच कळत नाही का,” ती शेवटी म्हणाली, “की मी ठरवायला बसले की मला तिघांचंही पटतं आणि तिघांचाही राग येतो?”

“याला गोंधळ म्हणतात,” आबा म्हणाले.

“याला माणूस म्हणतात,” भाऊ म्हणाला.

“याला उद्या सकाळी लवकर उठायचंय म्हणतात,” नणंद म्हणाली आणि दिवा घालवला.

आबांनी शिस्तीप्रमाणे माझे सेल काढून कपाटात ठेवले, कुलूप लावलं, चावी खिशात. सभेला मला न्यायची पाळी गोलवाल्यांची. भावानं मला खांद्याला अडकवलं आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याच्या आवारात नुसती डोकी. कामगार, त्यांच्या घरचे, तिन्ही बाकांची माणसं. बाहेर रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट. वाफताई चादरींच्या ढकलगाडीवर चढली. मला तोंडाशी धरलं, खटका दाबला.

काहीच नाही.

पुन्हा दाबला. माझं पोट रिकामं. आबांनी भावाकडे बघितलं, भावानं आबांकडे.

“सेल कुठायत?” भाऊ.

“कपाटात.”

“मग आणले का नाहीत?”

“भोंगा तू आणलास. मला वाटलं, तुमच्यातल्या कुणीतरी नवे घातले असतील.”

“मला पण वाटलं, कुणीतरी घातले असतील. आम्ही एकाच्याच डोक्यावर जबाबदारी टाकत नाही.”

“हो, म्हणून ती जमिनीवर पडते.”

हॉल गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी असा चिडलो होतो, की किंचाळलो असतो. पण किंचाळायला सुद्धा सेल लागतात. मागून आवाज यायला लागले, “ऐकू येत नाही,” “काय चाललंय?” कडेची माणसं वळायला लागली. एकदा पांगली की पुन्हा जमणार नव्हती, आणि ट्रक दुसऱ्या दिवशी.

तेव्हा वाफताईची जोडीदारीण पुढे आली. रोलरवर चादर घालायला दोघी लागतात. दोन टोकं एकीकडे, दोन दुसरीकडे. ती दुसरी. तिनं वाफताईकडे पाठ केली, गर्दीकडे तोंड केलं आणि म्हणाली, “तू एक एक वाक्य बोल. मी पुढे देते.”

“मी कुणाची, मला अजून माहीत नाही,” वाफताई म्हणाली.

जोडीदारणीनं ते तसंच म्हटलं. तिच्या समोरच्या रांगेनं मागे वळून म्हटलं. मग तिच्या मागच्या रांगेनं. मी ढकलगाडीवर आडवा पडून ऐकत होतो. ते वाक्य आवारातून चालत गेलं, पार भिंतीपर्यंत. मित्रांनो, मी आयुष्यभर आवाज मोठा केला. पण आवाज असा पायांनी चालत जाताना मी पहिल्यांदा बघितला. मागच्या भिंतीपाशी एक म्हातारा धोबी होता, त्याच्या तोंडून ते निघालं तेव्हा वाटलं, हे त्याचंच आहे.

“सरकारची वाट बघायची नाही. उद्या सकाळी बॉयलर आपणच पेटवायचा.”

वाक्य मधल्या रांगेत आलं आणि अडकलं. तिथं आबा उभे होते. आयुष्यभर ज्याच्याशी भांडले तेच त्यांच्या तोंडाशी आलं होतं. त्यांच्या मागची माणसं खोळंबली. “आबा, काय म्हणाली पुढे? सांगा की.”

आबांनी इकडे तिकडे बघितलं. समिती कुठेच दिसत नव्हती. मग ते बोलले. मिरवणुकीतल्या त्या मोठ्या आवाजात, एक शब्द न गाळता. सरकारची वाट बघायची नाही. बोलून झाल्यावर थोडा वेळ तोंड तसंच उघडं राहिलं, जणू गरम घास घेतलाय आणि चव अजून कळत नाही.

“पण बॉयलरपाशी एकच जण मुख्य. तो सांगेल तसं सगळ्यांनी करायचं. तिथं गोल बसून चर्चा नाही.”

हे भावाला लागलं. तो ओठातल्या ओठात पुटपुटला.

“मोठ्यानं,” आबा पलीकडून म्हणाले. “आम्ही बोललो ना?”

तो मोठ्यानं बोलला. कान लाल.

“कोर्टात पण जायचं. पण निकाल उलटा लागला तरी दारातून हलायचं नाही.”

हे नणंदेपाशी पोचलं. ती भिंतीच्या जरा अलीकडे होती. तिनं पुढे दिलं, पण शेवटी हळूच “शक्यतो” जोडलं. भिंतीपाशी वाक्य शक्यतोसकट पोचलं आणि सगळा मागचा भाग हसला. ती पण हसली.

वाफताईला भाषण येत नव्हतं. ती म्हणाली, “चादर सरळ घालायची तर समोरचीला ओढायचं नाही. आणि आपलं टोक सोडायचं पण नाही. मला एवढंच येतं.”

ते गेलं मागे. आबांनी दिलं, भावानं दिलं, नणंदेनं काही न जोडता दिलं. आणि परत येताना शब्द नव्हते, हात होते. मागच्या भिंतीपासून सुरू झाले आणि ढकलगाडीपर्यंत वर होत आले. मोजायची गरजच नव्हती.

मित्रांनो, मला तेव्हा माझं कळलं. मला लाज वाटायची, की सगळे माझ्यातून जातात आणि माझं काहीच नाही. पण आबांचं उघडं तोंड बघितलं ना मी? बोलणं तोंडातून जातं तेव्हा थोडं आत राहतं. माझ्यात पण राहिलंय. आबांचा तो रस्ता, माळ्याचं थांबणं, मटकन बसलेली बाई, सगळं आहे. त्याचं एक नाव असेल तर तुम्ही मोठे होऊन शोधा आणि मला येऊन सांगा. तोवर मला बाक नसलं तरी चालेल. मी ओढत नाही आणि सोडत पण नाही.

आज सकाळी बॉयलर पेटला. मी कारखान्यात आत टेबलावर आहे, पोटात आठ सेल आहेत. कपाटाची चावी आता आबांच्या खिशात नाही. रोलरशेजारच्या खिळ्यावर लटकतेय, कुणीही घ्या. बाहेर आबा आणि भाऊ पुन्हा भांडतायत, दाराशी पुढे कुणी उभं राहायचं यावर. नणंद कोर्टात गेलीय. सगळं गोड झालं असं समजू नका.

एक मागणं आहे. माझ्यासारखं जुनं सामायिक काही तुमच्या इथं असेल तर त्याच्या पोटात सेल आहेत का ते बघत जा. दुसऱ्यानं बघितलं असेल असं समजून सोडू नका. आणि कुणाशी भांडायचं असेल तर खुशाल भांडा. फक्त आधी त्याचं एक वाक्य त्याच्यासारखंच, पूर्ण, मोठ्यानं म्हणून बघा. तोंड भाजतं जरा, पण…

थांबा. कोपऱ्यावर हॉर्न वाजला. ट्रक आला. भाऊ पळत आत आलाय, पाठोपाठ आबा. दोघांनीही मला एकदमच धरलं, एकानं मुठीला, एकानं ओठाला.

मला आता निघायला हवं.